मधल्या सुट्टीची घंटा

दि. ३ मार्च

चि. वन्संस अ. उ. आ.

पोचलो एकदाचे परदेशात. फोनवर बोलायची सोय नाही. एकाच खोलीत आम्ही तिघं, आणि बबडीचे कान तिखट. म्हणून कागदावर खरडते आणि फोटो काढून पाठवते. चौथी पास बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाचा.

हॉटेल म्हणजे नुसते दरवाजे, सगळे एकसारखे. बबडी सकाळीच खालच्या हॉलमध्ये परिषदेला जाते. कुठकुठले पाणी तपासणारे लोक जमलेत. शुक्रवारी हिचं भाषण. ते ऐकून इथल्या प्रयोगशाळेचे साहेब हिच्या दोन वर्षांच्या नोकरीचं पक्कं करणार. पोरगी त्यासाठी किती राबलीय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता खरं सांगते. तुमच्या दादांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. काल मला विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या शाळेच्या. आज न्हाणीत शिरले आणि बाहेर यायचं दार सापडेना म्हणून रडले. बबडी आली की मी पुढे पुढे करून सगळं झाकते, बाबा दमलेत म्हणते. तिला कळलं तर ती नोकरीला लाथ मारून घरी येऊन बसेल.

निघायच्या आधी तुम्हाला म्हटलं होतं, ह्यांना तुमच्याकडे ठेवून घ्या. तुम्ही म्हणालात, वहिनी, तुझाच जीव घाबरट. तो जीव आता गळ्याशी आलाय. परत आल्यावर मला एकटीला हे झेपणार नाही. तुम्ही येऊन राहाल का? हो की नाही, एवढंच कळवा.

हे दाराशी खुडबुड करतायत, उठते. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी


दि. ४ मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

अक्षर लागलं, मजकूर पटला नाही. दादा लहानपणापासूनच धांदरट. आई मीठ आणायला पाठवायची, तर हा बँडवाल्यांच्या मागे जाऊन रिकाम्या हातानं परत यायचा. तेव्हा कुणी त्याला वेडा म्हटलं नाही. शाळेत शिपाई म्हणून अख्खी नोकरी काढली, घंटा एकदा चुकली नाही. त्याचं डोकं कसं फिरेल?

परक्या मुलखात कुणीही भांबावतं. त्यात तू सारखी खेकसतेस, म्हणून तो बिचकतो. बदाम दे आणि जरा गोड बोलत जा. मी येऊन राहायचं म्हणशील, तर आधी माझ्या गुडघ्यांना विचार.

रागावलीस तरी लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी नणंद


दि. ६ मार्च

चि. वन्संस अ. उ. आ.

बदाम दिले. ते खिशात भरून तुमच्या दादांनी काय केलं ते ऐका.

खाली बबडीचं भाषण सुरू होतं. मी न्हायला गेले. जाताना दाराला खुर्ची टेकवून ठेवली होती. बाहेर येते तो खुर्ची बाजूला, दार सताड उघडं. खोलीबाहेर भिंतीवर आग लागली की दाबायची लाल पेटी आहे. शाळेत शेवटी शेवटी विजेची घंटा आली होती ना, तसलंच बटण. ह्यांनी मधली सुट्टी दिली.

अख्खं हॉटेल किंचाळायला लागलं. कुणी टॉवेलवर, कुणी एका पायात बूट, सगळे जिन्यानं धावत सुटले. मी ओल्या केसांनी मजल्यामजल्यावर हाका मारत फिरले. वाटलं, चेंगरले कुठेतरी. खाली रस्त्यावर येते तर हे फुटपाथवर उभे. हात आडवा धरून कोटवाल्या साहेबांना ओळीत लावतायत. ढकलू नका, लहान पुढे, उंच मागे. आणि वन्सं, ती माणसं ऐकत होती! भाषा कळत नव्हती, पण ओळ धरली मेल्यांनी.

त्याच ओळीत बबडी होती, भाषण अर्धवट टाकून आलेली. आधी हसलीच. धावत येऊन ह्यांचा दंड धरला. ह्यांनी तिला परत ओळीत लोटलं आणि वर्ग कुठला म्हणून विचारलं. ती म्हणाली, बाबा, मी. हे म्हणाले, ओळ मोडू नकोस, बाई ओरडतील.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तसं वैऱ्याकडेही कुणी पाहू नये. कधीपासून, एवढंच विचारलं. वर्ष होऊन गेलं, म्हटलं. त्यानंतर माझ्याशी धड बोललेली नाही. साहेब भला माणूस, उद्या पुन्हा भाषण ठेवलंय. ही म्हणते, भाषण करीन, नोकरी घेणार नाही.

वन्सं, मी संपले. ह्यांच्यामागे धावता धावता पोरीचंही वाटोळं केलं. तुमचे बदाम पोचले. आता मला माणूस पाहिजे, सल्ला नको.

जीभ कडू आहे, माया नाही. समजून घ्या.

तुमची वहिनी


दि. ७ मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून अशी संतापले की शहानिशा करायला बबडीलाच फोन लावला. म्हटलं, दादाला दे. मस्त बोलला. मी मनात म्हटलं, बघ वहिनी. मग म्हणाला, ताई, मुलाला बरं नसेल तर चिठ्ठी पाठवा, मी बाईंना नेऊन देतो. मी कोण ते परोपरीनं सांगितलं. तो अदबीनं हो हो म्हणत राहिला. अदबीनं, वहिनी! जन्मात माझ्याशी कधी सरळ बोलला नाही तो.

फोन ठेवायच्या आधी बबडीला बजावलंय, नोकरी सोडलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही. माझं घर सून सांभाळेल. मी तुमच्याकडे राहायला येते, गुडघे बरोबर घेऊन.

तुला खोटं पाडत बसले, ते पोटात घाल. जवळची म्हणतेस तशी म्हणत राहा.

तुझी नणंद


दि. १० मार्च

चि. वन्संस अ. उ. आ.

विमानात बसून लिहिते, सुटायच्या आत फोटो पाठवते. हे खिडकीशी झोपलेत. बबडीनं नोकरीच्या कागदावर सही केली. तुमच्या शब्दावर केलीय, तेव्हा तो शब्द जपा. तिला लगेच रुजू व्हायचंय म्हणून ती तिथेच राहिली, आम्ही दोघंच परत निघालो.

विमानतळावर ज्या फाटकापुढे फक्त प्रवाशांना सोडतात, तिथवर ती आली. आमचं बोलणं अजून तुटकंच. पासपोर्ट कुठे, गोळ्या घेतल्या का, एवढंच. आणि ऐनवेळी हे अडून बसले. पाऊल टाकेनात. मी ओढलं, खेकसले, शेवटी हात जोडले. मागची माणसं खोळंबली. कारण काय, तर ही मुलगी एकटी उभी आहे, हिला न्यायला कुणी आलेलं नाही. मूल मागे ठेवून मी कधी फाटक लावलं नाही, आजही लावणार नाही.

बबडी म्हणाली, काका, मी जाईन एकटी. हे म्हणाले, चालायचं नाही, कोण येणार ते सांग.

पोरीनं बाहीनं डोळे पुसले आणि सांगितलं, माझे बाबा येतायत, वाटेतच आहेत. ह्यांनी खोदून विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, नक्की, ते कधी विसरत नाहीत. तेव्हा कुठे तिचा खांदा थोपटून, ते येईपर्यंत इथून हलायचं नाही असं बजावून, हे माझ्यामागून आले.

मी वळून वळून पाहत होते. ती हलली नाही, वन्सं.

उतरल्यावर बाहेर तुम्ही दिसायला हव्यात. कागदावरचा लोभ पुष्कळ झाला, आता हात द्या.

तुमची वहिनी