भीमेवरच्या रबरी होडीची कामे

भीमाकाठ, ता. दौंड
आषाढ, सन २००७

चि. हनुमंत यास मल्हारीमामाचे आशीर्वाद. खंडोबाच्या कृपेने आम्ही अजून कोरडे आहोत. तू सरकारी जहाजावर आहेस, म्हणजे खुशालच असशील.

कच्छच्या समुद्रात तुमच्या तटरक्षक जहाजाला किती कामे असतात ते तू लिहिलेस. बुडत्याला काढणे, बेटावर औषध पोचवणे, चोरट्या होड्या धरणे. वाचून मला रडू आले. पुरासाठी म्हणून तालुक्याने माझ्यासारख्या कोतवालाच्या गळ्यात जी रबरी होडी घातली, तिला याहून जास्त कामे आहेत. घात पूजेच्या दिवशीच झाला. नवी वस्तू पूजेशिवाय पाण्यात कशी घालायची? भंडारा उधळला आणि आण्णा पुजाऱ्यांनी (वय ऐंशी, नेम चांगला) नारळ होडीवर आपटला. तो दोनदा उडून तलाठीसाहेबांच्या अंगावर गेला. तेव्हा आण्णा म्हणाले, "आरं, खाली दगुड ठिवा की!" दगड ठेवला. नारळ फुटला, होडीही फुटली. दौंडच्या सायकलवाल्याकडून पंक्चर काढून आणले, पण पॅचवर अंगठा दाबून धरावा लागतो. अशा स्थितीत साहेबांना पलीकडे पंचनाम्याला नेले (पंचनामा मेलेल्या शेळीचा होता, आम्हाला बघून शेळी उठली). मग भिमाजीच्या पोराचे वऱ्हाड, मग धुरपदाकाकूंची गाळात गेलेली मोटर, मग एकोणीस मेंढरे. मेंढराला होडीत बसवता येते, बसून राहा म्हणून सांगता येत नाही. पारावरचे लोक विचारतात, "काय कॅप्टन, आज मेंढरं का मानसं?" मी हसतो. वरची धरणे भरत आली आहेत. पंधरा दिवसांत पाणी सोडतील, तेव्हा पलीकडच्या वस्तीवरची माणसे याच होडीतून मला एकट्याला आणायची आहेत. देवाचे नाव घेतो, पण झोप लागत नाही.

तुझा,
मल्हारीमामा

ता. क. जहाजावरचे एखादे जुने तरंगायचे जाकीट पाठव. आम्हाला मिळालेली चारही साहेबांनी कपाटात ठेवली आहेत (वापरली तर ओली होतात). तुला म्हणून सांगतो, मला पोहता येत नाही. गावासमोर साहेबांनी विचारले तेव्हा मी "व्हय" म्हणालो. दर साल मेंढरे धुवायला नदीत उतरतो. कमरेइतक्या पाण्यात मेंढराचे कान धरून उभे राहणे, यालाच मी पोहणे समजत आलो. मामीला कळू देऊ नको.

ता. क. दुसरा. मामीने पत्र वाचले (तिच्याकडे डिंक मागितला, ही माझी चूक). म्हणाली, "एकलं न्हाई जायाचं. मी हाय की संगं." तिला पट्टीचे पोहता येते, हे एकोणतीस वर्षांच्या संसारात आज कळले. तेव्हा जाकीट एकच पुरे. अंगठा माझाच राहील. वल्हे तिने आत्ताच घरात नेऊन ठेवले आहे.