उघड्या टबावरची सावली

५ जुलै, बार्शीटाकळी
प्रज्ञा आज कॉलेजच्या कामाला अमरावतीला गेली. आठ दिवस लेकीचे दोन टब माझ्या ताब्यात, शेततळ्याकाठी. दोन्हीत बेडकाची पिल्लं. एक उघडा. दुसऱ्यावर प्लास्टिकचा पत्रा, उजेड सोडणारा, अतिनील किरण तेवढे अडवणारा. पाऊस दडी मारतो, तळं उथळ होतं, मग ते किरण पिल्लांचं काय करतात, हा तिचा अभ्यास. "बाबा, नुसतं तापमान लिवा. बाकी हात लावू नोका." एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, मला नोंद शिकवते!

८ जुलै
पाऊस नाही. चटका मे महिन्यासारखा. उघड्या टबात चार-पाच वाकड्या शेपटीची, जागीच गोल फिरतात. बघवेना. मिरचीच्या रोपांवरची सावलीची हिरवी जाळी मोकळी होती, दुपारपुरती त्या टबावर टाकली. आता रोज टाकेन.

१३ जुलै
प्र. आली. मोजणी केली. दोन्ही टबांत तगलेली जवळजवळ सारखीच. तिचा चेहरा उतरला. "मंग किरनाईचा फरकच नाई पडत, बाबा. माया अंदाजच चुकला."
जेवण जाईना. शेवटी जाळीचं सांगून टाकलं.
"काहून केलं असं?" रडली. मग डोळे पुसून वही काढली. "किती वाजेपासून किती वाजेपर्यंत?"

१४ जुलै
म्हटलं, जाळीचं लिहू नको, कोणाले समजते?
"मले समजते न बाबा."
लाज वाटली मला. आणि पोरीचा अभिमान. दोन्ही एकदमच.

२१ जुलै, अमरावती
विभागात तिचं भाषण. मी मागच्या बाकावर. सरळ म्हणाली, उघड्या टबावर रोज दुपारी सावली होती, ही मोजणी मी रद्द करते. तिच्या मॅडमनी विचारलं, मग हातात काय उरलं? "पाऊस पडला तर बेडूक पुन्हा अंडी घालतील, मॅडम." टाळ्या नाहीत. मला मात्र उठून सांगावंसं वाटत होतं, ही माझी मुलगी.

३० जुलै
परवा चांगला पडला. तळ्यात नवी अंडी. टब पुन्हा भरले. अभ्यास संपवायची मुदत वाढेल का, मॅडम अजून बोलल्या नाहीत. प्र. उद्या जाणार. म्हटलं, टबांवर दुसरं कोणी ठेव. "तुमीच पाहा. तुमी खरं सांगता."

६ ऑगस्ट
पुन्हा उघडीप. कडक ऊन. उघड्या टबात तीन वाकडी. जीव तुटतो. तीन लिहिली, आणि हात मागे बांधून उभा राहिलो.