टफीच्या गळ्यातली घंटी

गुरुवार, दिवेलागण

टफीची घंटी आज सोडली. लेक नागपूरला जाताना हा चिमुकला पामेरियन कुत्रा माझ्याकडे ठेवून गेली. दिवसभर भिंगरीसारखा पळतो, माझ्या डोळ्यांना सापडत नाही, म्हणून जिवती गावच्या बाजारातली शेळीची घंटी बांधली होती. शेजारचा वामन हसला, "भाऊ, बिबट्याले जेवाचं आवतन देऊन राह्यले काय?" मी तिथंच घंटी सोडली. चार दिवस वाजत होती ती घंटी. डोंगरातल्या बिबट्यानं ऐकली असेल का?

आता आवाज नाही, म्हणून टफीला खाटेच्या पायाला बांधलं. नुसता बसून आहे. भाताला तोंड लावत नाही. आत्ताच लेकीचा फोन आला, "बाबा, खेळते का तो?"

मी म्हणालो, "हो, घरभर पळून राह्यला."