किल्लीवाल्याचा हात वर

७ फेब्रुवारी

ती. मामा,

सा. न. वि. वि. (एवढं आईने शेजारी उभं राहून लिहून घेतलं. पुढचं सगळं माझं.)

आम्ही बरे आहोत. फोनच केला असता, पण फोनवर मी गप्प बसते आणि तू ‘कोण आहे, कोण आहे’ म्हणून ओरडत राहतोस. शाळा सुटल्यापासून हातात पेन धरलं नव्हतं, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इस्त्रीच्या दुकानात माझं बरं चाललंय. मालकीणबाईंची तक्रार एकच, की गिऱ्हाइकांना वाटतं बाईंनी मुकी पोर कामाला ठेवलीय. कॉलर मात्र माझ्यासारखी कोणाला जमत नाही, हे त्या माझ्यासमोर बोलत नाहीत, शेजारणीला सांगतात. संध्याकाळी बॉक्सिंग क्लबला जाते. माझ्या वजनाची तिथे एकच मुलगी आहे, चष्मेवाली. तिला मी दर वेळी हरवते. मग ती बाकावर बसून चष्मा पुसत राहते, आणि मला काय बोलावं ते कळत नाही.

आता मुद्दा. क्लबला रंग देतायत म्हणून सगळे फोटो उतरवलेत. रिंगच्या वर होता तो तुझाही, हात वर केलेला. रंग झाल्यावर तिथे एकच फोटो लागणार, आणि नव्या कोचच्या मनात आहे घणचा. घण म्हणजे तुमच्या वेळचा तो जाडजूड गडी, बाहेर जाऊन भल्याभल्यांशी भिडलेला. मी कधी नव्हे ते तोंड उघडलं. म्हटलं, माझा मामा तर एकदाही हरला नाही.

कोच वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. पण तो म्हणाला, हरेल कसा? लढला कोणाशी? एक तो किल्ल्या बनवणारा आणि एक पावाच्या भट्टीवाला. त्यांनाच आलटून पालटून हरवलं. चॅम्पियन किती मोठा हे त्याच्यासमोर कोण उभं होतं त्यावरून कळतं. सगळे हसले. माझे कान असे तापले की त्यावर रुमाल इस्त्री झाला असता.

तेवीस तारखेच्या रविवारी सगळे मेंबर बसून ठरवणार आहेत. तोपर्यंत तू मला मोठमोठ्या बॉक्सरांची नावं कळव, ज्यांना तू लोळवलंस. मी वाचून दाखवीन. नाहीतर कोणाला तरी वाचायला देईन.

आजीचा आशीर्वाद. तू तिथे वेळेवर जेवत नाहीस असं तिला स्वप्न पडलं. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची

---

१२ फेब्रुवारी

चि. मुंगूस हिला,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. अक्षराला हसलो नाही. पाकिटावर तू माझा पत्ता तिरका लिहिलास त्याला हसलो. पोस्टमन मान वाकडी करून आला होता.

मी मजेत आहे. काच कारखान्यात पेट्या भरतो. तरुणपणी फोडायचं शिकलो, आता काही फुटू नये म्हणून पेंढा कोंबत बसतो. जेवतोही वेळेवर. आजीला सांग, स्वप्नात जरा लवकर येत जा, म्हणजे ताट दिसेल.

आता रागावू नकोस. तुझा कोच खरं बोलला. माझ्यासमोर उभे राहायला होतं कोण? बाकीचे एकदा मार खाल्ला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटात दुखायचं. राहिले ते दोघे. मोठमोठी नावं तुला कुठून देऊ? घण माझ्याहून बराच जड, त्यामुळे आमची गाठ पडली नाही. पण त्याला मी लढताना पाहिलंय. तो मोठाच. त्याचा फोटो लागला तर मी इथून टाळ्या वाजवीन.

आणि दुसरं. मी हरलेलोही आहे. हे आजीला बोलू नकोस, तिने अख्ख्या नातेवाइकांत माझा डंका पिटलाय. कोणाकडून हरलो ते किल्लीवाल्याला विचार. नुसती गेलीस तर दुकानासमोर खांबासारखी उभी राहशील, म्हणून एखादं कुलूप घेऊन जा. किल्ली घासून होईपर्यंत तो आपोआप बोलतो. त्याला गप्प करायचं कुलूप अजून निघालं नाही.

ताईला सांग, पाठवलेला स्वेटर बसला, हात तेवढे मोठे झाले. माया आहेच, ती तुम्हीही राखा.

तुझा मामा

---

१६ फेब्रुवारी

ती. मामा,

सा. न. वि. वि. तुझ्यावर मी रागावलेय, तरी नमस्कार.

आजीच्या जुन्या ट्रंकेचं कुलूप घेऊन गेले. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची खोबण. आत एक माणूस आणि भिंतभर किल्ल्या. मी कुलूप पुढे केलं. त्यांनी कुलपाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तू त्याची भाची. हनुवटी तशीच आत घेतेस.

मग ते बोलत राहिले आणि कानस चालवत राहिले. पहिल्यांदा तू त्यांना पहिल्याच फेरीत आडवं केलंस म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दुकानात हजर. त्यांना वाटलं, हा जखमेवर मीठ चोळायला आला. पण तू म्हणालास, तुझा उजवा ठोसा येण्याआधी तुझा खांदा वर उचलला जातो, म्हणून मला आधीच कळतं, तेवढं बंद कर. आणि वर तुझा तो बाजूला सरकायचा डावही तिथेच, किल्ल्यांच्या खाली, त्यांना शिकवलास. ते म्हणाले, अरे वेड लागलं का तुला, असं शिकवलंस तर मी तुलाच मारीन. तर तू म्हणालास, मारच की. नाहीतर मी लढू कोणाशी, भिंतीशी?

भट्टीवाल्याकडेही तू असाच जायचास. त्यांचं कणीक मळणं बघून म्हणालास म्हणे, हे खांदे तू पावांवर वाया घालवतोयस.

दर वर्षी ते दोघे चिवट होत गेले. आधी पहिल्या फेरीत पडायचे, मग दुसऱ्या, मग पडेचनात. आणि शेवटच्या लढतीत किल्लीवाले काका जिंकले. तुझ्याच डावाने. पंच पुढे यायच्या आत तूच त्यांचा हात धरून वर केलास. काका म्हणाले, मी रडत होतो आणि हा नाचत होता, लोकांना कळेना जिंकलं कोण. त्याचा फोटो दुकानात टांगलाय, किल्ल्यांच्या मागे. त्यांनी किल्ल्या बाजूला करून दाखवला. तुझा ओठ फाटलाय आणि तू सगळे दात काढून हसतोयस.

आईला विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी तू ओठ सुजवून घरी आलास आणि दाराला धडकलो म्हणालास. मामा! इतकी वर्षं आम्ही त्या दाराला बोल लावतोय.

आता खरं सांग, तू असं का केलंस? आणि रविवारी मी काय बोलू? तू हरलास हे सांगितलं तर फोटो गेलाच समज. नाही सांगितलं तर मलाच पचणार नाही.

किल्ली कुलपाला लागत नाहीये. मला वाटतं काकांनी मुद्दाम तशी केलीय, परत जायला लागावं म्हणून. दोघांवरही लोभ ठेवतेय, सध्या थोडा उसना.

तुझी भाची

---

२० फेब्रुवारी

चि. मुंगूस हिला,

आशीर्वाद, रोख.

किल्लीवाल्याने जे सांगितलं ते त्याने पुष्कळ घासून चकचकीत केलंय. मी काही साधुसंत नव्हतो. मला चैन पडत नव्हतं, एवढंच. सोपं जिंकून घरी आलं की लोक पाठ थोपटायचे आणि मी आढ्याकडे बघत पडायचो. आपण चांगले आहोत की समोरचा कच्चा आहे, हे कळायचंच नाही. ते कळायचं तर समोरचा पक्का पाहिजे. आणायचा कुठून? म्हणून होते त्यांनाच पक्कं केलं. तो हात वर केला ना मी, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी बरा बॉक्सर होतो. कारण मला हरवायला त्याला इतकी वर्षं लागली.

तेव्हा तुझा कोच बरोबरच आहे. समोर कोण होतं त्यावरूनच ठरतं. फक्त समोरचा पहिल्या दिवशी कोण होता तेवढंच बघून तो थांबला.

रविवारी माझ्या फोटोसाठी भांडू नकोस. बोलावंसं वाटलं तर खरं ते बोल. नाही वाटलं तर गप्प बस, मुंगूस काही भुंकत नाही, तरी सापाला कळतं. आणि लावायचाच झाला तर तो दुसरा फोटो लावा, किल्लीवाल्याचा हात वर असलेला. माझा हात वर आहे तो आजीला द्या, तिला तोच पाहिजे असतो.

थंडीत कान झाकत जा. माया आहे ती अशीच नांदो.

तुझा मामा

---

२४ फेब्रुवारी

ती. मामा,

सा. न. वि. वि. काल झाली एकदाची मीटिंग.

मी दोन्ही काकांना घेऊन गेले. भट्टीवाले काका थेट कामावरून आले, कोपरापर्यंत पीठ. किल्लीवाल्यांनी फोटो पिशवीत आणला होता. कोचने विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. मी उभी राहिले आणि माझी वाचाच बसली. सगळे बघतायत, पंखा फिरतोय, मी नुसती उभी. किल्लीवाले काका माझ्या वतीने बोलायला उठत होते, पण मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. कसं केलं देव जाणे.

मग फोटो रिंगच्या कडेवर ठेवला आणि म्हटलं, ह्यात माझा मामा हरलाय. मी मागे चुकीचं सांगितलं. तुम्ही विचारलंत समोर कोण होतं. तर समोर हे होते. ह्यांना त्यानेच शिकवलं होतं, त्याला हरवायला. एवढंच. आणि बसले. 

कोचने फोटो उचलून उजेडात धरला. मग किल्लीवाल्या काकांना म्हणाला, काय शिकवलं होतं ते दाखवा बरं. काका चपला काढून रिंगमध्ये चढले. एवढं पोट, पण पाय सरकला तो लोण्यासारखा, आणि कोचचा ठोसा हवेत, काकांची मूठ कोचच्या बरगडीला टेकलेली. अख्खा क्लब हसला. कोचसुद्धा. भट्टीवाले काका ओरडले, हळू रे, तुझी कंबर जाईल, मग मी तुला हरवणार कधी!

रिंगच्या वर घणच लागला. आधी मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण कोच म्हणाला, घण तिथेच शोभतो, तुझ्या मामाचा हा फोटो ग्लोव्ह्जच्या कपाटाच्या दारावर लावू, म्हणजे प्रत्येकाला हात घालण्याआधी तो दिसेल. हरलेला माणूस इतका का हसतोय, असं पोरांनी विचारलं तर सांगायला तू आहेसच, असंही म्हणाला. म्हणजे मला आता रोज बोलावं लागणार. कुठून ही ब्याद मागे लावून घेतली!

आजीला कळायचं ते कळलंच, कोणीतरी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, हरला? दाखवा मला. क्लबात नेली तिला. डोळ्यांजवळ नेऊन फोटो बघितला आणि म्हणाली, मेला हरताना काय देखणा दिसतोय. ट्रंकेची किल्लीही लागली, दुसऱ्या फेरीत.

आणखी एक. चष्मेवाली क्लब सोडायच्या गोष्टी करत होती. आज मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, तू मारायच्या आधी माझ्या पायांकडे बघतेस, म्हणून मला कळतं. मग तो सरकायचा डाव दाखवला. तिला विश्वासच बसेना. दोनदा विचारलं, मला का सांगतेस? मी म्हटलं, भिंतीशी लढून कंटाळा येतो. तिने लगेच तो करून बघितला, आणि चांगलाच जमला तिला.

त्यामुळे माझं नाक सुजलंय. आईने विचारलं तेव्हा म्हटलं, दाराला धडकले. आई लाटणं माझ्यावर रोखून म्हणाली, ह्या घराण्याला दारं सोसत नाहीत.

नाक सोडून सगळं ठीक. लोभ होता तो वाढलाय, सांभाळून ठेव.

तुझी भाची, मुंगूस