पिठीची सुई

कुळगाव, बदलापूर
रविवार, १४ नोव्हेंबर १९५४

ती. अंजनीताईस,

श्रीपादचा नमस्कार. इकडे ठीक आहे. तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. उत्तर लिहायला पाच दिवस लागले.

उमा दसऱ्यानंतर पेणला माहेरी गेली. आठवा महिना आहे. मागच्या दोन वेळांसारखं काही होणार नाही, असं तिथली डॉक्टरीण म्हणाली. मी हाताने करून खातो. भात जमतो. भाकरी जमत नाही.

कारखान्यात पहिली पाळी चालू आहे. सकाळी सातच्या आत अंबरनाथला पोचावं लागतं. काड्यापेट्यांना दिवाळीआधी मागणी होती, आता जरा कमी आहे.

भाऊबीजेला आलो नाही. कामाचं कारण लिहिलं होतं. त्या दिवशी कारखाना बंद होता.

तू लिहिलंस की अलिबागला नवी खोली मिळाली, आणि या घरमालकाला मांजर चालतं. नाताळच्या सुट्टीत येऊन पिठीला घेऊन जाणार आहेस. ती हल्ली काय खाते ते कळव, म्हणालीस.

मी ऑगस्टपासून तुला तीन पत्रं लिहिली. तिन्हींत 'पिठी मजेत आहे' असं लिहिलं. एकात तिने चिमणी धरली असंही लिहिलं. ते का लिहिलं, मला सांगता येणार नाही. नुसतं 'मजेत' पुरेसं वाटलं नसावं.

ताई, पिठी नाही. ती तेरा ऑगस्टला गेली. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी.

इथे पत्र संपवता आलं असतं. आजारी होती, वय झालं होतं, असं लिहिलं असतं तर तू मान्य केलं असतंस. म्हणून पुढचं लिहितो.

तिच्या मुताला मुंग्या लागलेल्या तू पाहिल्यास तेव्हा मी हसलो होतो. तू साखर तपासायच्या तुझ्या निळ्या औषधात ते उकळलंस आणि ते विटेसारखं लाल झालं, तरी मी हसलो. परळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं नाव विचारलं. पिठी, म्हटल्यावर ते म्हणाले, "मग साखर आलीच!" घरी येऊन तूच ते आम्हाला सांगितलंस आणि खूप हसलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या इन्सुलिनच्या सुईनंतर तिची सुई. तुझे वीस युनिट, तिचे दोन.

जूनमध्ये शाळेची नोकरी लागून तू अलिबागला गेलीस. पहिल्या खोलीत मांजर चालत नव्हतं. तू मला शिकवलंस. मानेमागची कातडी चिमटीत धर. बाटली माठाखालच्या वाळूत ठेव. उघडल्यावर महिन्याने टाकून दे. आधी पोट, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही. हे तू कागदावर लिहून माठाच्या वर चिकटवलंस. मी म्हटलं, मांजराच्या औषधासाठी मी मुंबईला खेपा घालणार नाही. तू म्हणालीस, "नको घालूस. मी बाटली पाठवीन."

जुलै नीट गेला. सुकटीचं पाणी, बोंबलाचा तुकडा, ती खायची आणि मग मी सुई द्यायचो.

श्रावण लागला. आपल्या घरी श्रावण कधी कडक नव्हता, तुला माहीत आहे. या वर्षी मी कडक धरला. उमाचं नीट पार पडावं म्हणून. महिनाभर मासळी घरात येणार नाही, शिजणार नाही, वाससुद्धा नको, असं बोललो. देवासमोर बोललो.

पिठीला दूधभात दिला. दोन दिवस तिने थोडा खाल्ला. मग ओकली, पांढरा फेस. त्यानंतर ती ताटलीपाशी जायची, हुंगायची, ओठ चाटत बसायची. लाळ गळायची. मग ताटलीकडे पाठ करायची. कागदावर हेही होतं. मळमळत असेल तर ओठ चाटते, कोमट करून बोटावर दे, थोडं थोडं दे, शिळं समोर ठेवू नकोस, वासाने तिला जास्तच होतं. मी सकाळचा भात संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर ठेवायचो. भूक लागली की खाईल, म्हणायचो.

उमा म्हणाली, "मी मागच्या अंगणात चूल मांडते. दोन बोंबील उकडते. घरात वास येणार नाही."

मी म्हटलं, "नाही."

"अहो, मांजराला कसला श्रावण? तिने का नवस केलाय?"

"एक महिना दूधभातावर मांजर मरत नाही. नखरे आहेत."

उमा म्हणाली, "वन्संनाही तुम्ही हेच म्हणायचात."

ते खरं आहे. तुला मळमळायचं, तू पान अर्धं ठेवून उठायचीस, आणि मी उमासमोर म्हणायचो, ताईला आपल्या घरचं गोड लागत नाही. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस. ते मला तेव्हा बरं वाटायचं.

उमाने त्या दिवसापासून बोंबलाचं नाव काढलं नाही.

बारा ऑगस्टला पाळी संपवून मी उल्हासनगरला कॅम्पात गेलो. पाळणा बघायला. सिंधी सुतार चांगले पाळणे करतात आणि वापरलेलेही मिळतात. पाळणा पसंत पडला नाही. परतताना एका टपरीवर मासे तळत होते. टपरीवाला म्हणाला, "आओ साईं, ताज़ा है." मी थांबलो. ताई, मी तीन तुकडे खाल्ले. उभ्याने, भिंतीकडे तोंड करून खाल्ले. कारखान्यातलं कोणी बघेल अशी भीती होती. देवाची त्या वेळी आठवण झाली नाही.

नळावर हात धुतले. पान खाल्लं. घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. उमा शेजारी बनूबाईंकडे गेली होती.

पिठी माठापाशी बसली होती. त्या दिवशी तिने काही खाल्लं नव्हतं, आदल्या दिवशीही नाही. मी खाली बसलो तशी ती उठली. माझ्या हाताशी आली. बोटं हुंगली आणि चाटायला लागली. जोराने. एकेक बोट, नखांच्या कडा, तळवा. तिची जीभ खरखरीत लागत होती. दोन दिवसांत तिने कशालाही तोंड लावलं नव्हतं.

तिला काय हवं आहे, ते मला त्या क्षणी कळलं. बनूबाईंचं घर आगरी. त्यांच्याकडे सुकट असतेच. मागितली असती तर दिली असती. पण मागितली असती तर उमाने विचारलं असतं, आज तुमचा श्रावण कुठे गेला? आणि उमा येऊन पिठी माझे हात चाटताना बघेल, हे मनात आलं.

मी उठून साबणाने हात धुतले. पिठी मोरीपर्यंत माझ्या मागे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडीची घाई होती. तिने रात्रीचाही भात खाल्ला नव्हता. मी सुई दिली. विसरलो नव्हतो. कागद समोरच होता. कागदाप्रमाणे दोन दिवस सुईचा खाडा केला होता, आता तुझं पत्र आलं तर 'सुई रोज चालू आहे' असं लिहिता यावं, एवढंच मनात होतं. खायला मिळत नाही ते लिहायचं नव्हतं, म्हणून सुई तरी खरी असू दे.

दहाच्या सुमाराला उमाला ती धुण्याच्या दगडाखाली सापडली. पाय झाडत होती. उमाने कागद वाचून साखरेचं पाणी तिच्या हिरड्यांना लावलं. पिठीने दोनदा गिळलं. दुपारपर्यंत संपली.

मी घरी आल्यावर उमाने विचारलं, "सकाळी सुई दिली होती का?"

मी नाही म्हटलं.

चिंचेच्या मागे पुरलं. उमा म्हणाली, वन्संना मी लिहू का? मी म्हटलं, मी लिहितो. दुसऱ्या दिवशी तुझी राखी आली. पोच म्हणून कार्ड लिहिलं, आणि त्यात 'पिठी मजेत' लिहिलं. उमाला वाटतं, तुला तेव्हाच कळलं. तू पुढे एका शब्दाने दोष दिला नाहीस, म्हणून ती तुझं कौतुक करते.

त्यानंतरही दर महिन्याला तुझ्या शेजारच्या वेणूबाईंच्या हातून बाटली येत राहिली. त्यांची मुलगी चंद्री कारखान्यामागे राहते, त्या तिच्याकडे येतात, ते मला सोयीचंच झालं. उमाच्या नजरेला काही पडलं नाही. सप्टेंबरची बाटली घेतली. ऑक्टोबरची घेतली. प्रत्येक वेळी वेणूबाईंनी विचारलं, "मांजर बरा हाय ना?" मी हो म्हटलं. बाटल्या कारखान्यातल्या माठाखाली ठेवल्या होत्या. उघडलेल्या नाहीत.

काल तिसरी घ्यायला गेलो. वेणूबाई या वेळी लगेच देईनात. म्हणाल्या, "एक बोलू? बायला आता म्हयन्याला तीनच बाटल्या गावतान. एक हिकडं येते. मंग बाय सांजची सुई घेत नाय. मी बोलले, तं म्हनते, पिठीला लागते. पायाचा बोट बघा तिचा जाऊन. काला परलाय."

मी म्हटलं, किती दिवस सुई चुकवते आहे?

"गनपतीपासना. तुमी भाव ना? तुमाला लिवला नाय तिनं?"

तू लिहिलं नव्हतंस.

कारखान्यातून आणलेल्या दोन आणि कालची तिसरी, तिन्ही बाटल्या वेणूबाईंबरोबर परत पाठवतो आहे. ओल्या फडक्यात बांधून डब्यात घातल्या आहेत. त्या उद्या सकाळी निघतात, हे पत्रही त्यांच्याजवळच देतो. डबा हातात पडेल त्याच दिवसापासून संध्याकाळची सुई घे. हे पत्र पुरतं वाचून होण्याची वाट बघू नकोस, असं वर लिहायला हवं होतं. वेणूबाईंना तोंडी सांगितलं आहे. आणि बोट डॉक्टरांना दाखव, लगेच. मला क्षमा कर असं लिहिणार होतो. ते खोडलं. आधी बोट.

शनिवारी पेणला जातो. उमाला सांगेन. तिला या दिवसांत त्रास होईल असं कारण मी तीन महिने स्वतःला दिलं. ते कारण चांगलं होतं, म्हणूनच टिकलं.

तू मला लिहिणार नाहीस, हे मी समजतो. फक्त बोट कसं आहे, त्याच्या दोन ओळी चंद्रीच्या नावाने घाल. तिला वाचता येत नाही. ती कार्ड घेऊन कारखान्याच्या फाटकाशी येईल आणि मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवीन.

श्रीपाद