लिनेटवरचा गारवा

'लिनेट' होडीवरून, फ्लोरिडा
शनिवार, २५ जून १९९४

ती. वर्नाताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. 'साठी उलटल्यावर घर विकून शिडाच्या होडीत राहायला जाणारा शहाणा' असा माझा उद्धार केला आहेस, तो वाचून मार्वा इतकी हसली की हातातला चहा सांडला. चालू दे तुझं. डुलुथच्या त्या गारठलेल्या सरोवराकाठी जूनमध्येही स्वेटर चढवून बसणाऱ्यांना आमची मजा काय कळणार!

मजा म्हणतो खरा, पण उकाडा जीव काढतो. सकाळी नऊलाच केबिनमध्ये पारा ब्याण्णव फॅरनहाइटवर. मार्वाच्या नसांच्या दुखण्याला उष्णता म्हणजे वैरीण, हे तुला ठाऊकच आहे. अंग तापलं की तिच्या पायांतलं बळच जातं, केबिनच्या चार पायऱ्या चढवत नाहीत. डॉक्टरांनी बजावलंय, गारव्यात ठेवा नाहीतर होडीचा नाद सोडा. नाद सोडायचा? दोघांनी मिळून वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, तो? मग मी डोकं लढवलं.

छतातल्या झडपेवर बसवायचा एक एसी मिळतो. ट्रंकेएवढा, दोन्ही हातांनी उचलून ठेवावा असा. झडप उघडायची, वर पेटी ठेवायची, भोवती कॅनव्हासची झालर आवळायची, की गार हवा थेट बिछान्यावर. शनिवारी-रविवारी आम्ही धक्क्याला बांधलेले असतो, तेव्हा तिथली वीज. पण धक्क्यावर डास फोडून काढतात, म्हणून सोमवारपासून शनिवार दुपारपर्यंत बेटांमागे नांगर टाकून राहतो. तिथल्यासाठी पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर घेतलाय. तो ठेवलाय पार मागच्या टोकाला.

धुराचं विचारशील म्हणून आधीच सांगतो. नांगरावरची होडी नाक वाऱ्याकडे करून उभी राहते, हे बाबांच्या होडीत तूही लहानपणापासून पाहिलंयस. एसी पुढे, जनरेटर मागे, वारा धूर मागच्या मागे घेऊन जातो. शिवाय केबिनची एकूण एक फट मी फोमच्या पट्ट्यांनी बुजवली. वायर आत यायला दाराच्या खालच्या फळीत एक खाच तेवढी ठेवली. गारवा कणभर बाहेर जात नाही. शाळेतल्या पोरांना छत्तीस वर्षं सुतारकाम शिकवलं ते काय उगाच?

मार्वा काल दुपारी गार केबिनमध्ये पाय पसरून गाढ झोपली होती. मी नुसता बघत बसलो.

तुझी माया आहेच, ती पाकिटात मावेल इतकी पातळ करून पाठव.
तुझा,
ऑरिन

डुलुथ, मिनेसोटा
बुधवार, २९ जून १९९४

चि. ऑरिन,
अ. उ. आ.

वाचलं तुझं पुराण. सुतारकाम शिकवलंस म्हणजे सगळं कळतं असं नाही. लहानपणी ससे ठेवायला पेटी केली होतीस, तिला हवेची भोकं पाडायला विसरला होतास, तो तूच ना?

मला भीती वाटते ती पेट्रोलची. तरंगत्या लाकडी डब्यात चूल आणि तिच्या शेजारी पेट्रोलचा कॅन! यंत्र गरम असताना त्यात तेल ओतू नकोस. ओतशील, घाईघाईने ओतशील, मला माहीत आहेस तू. आग विझवायची नळकांडी हाताशी ठेव, आणि ती कशी वापरायची हे मार्वालाही दाखव. धुराचं मात्र तुझं पटलं. बाबांची होडी खरंच कधी वाऱ्याला पाठ दाखवायची नाही.

आणि नुसतं तूच काय लिहितोस? मार्वाला लिहू दे. तिची तब्येत तुझ्या अक्षरात वाचली की ती नेहमी झकासच असते.

रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा झालाय. दोन बरण्या तुमच्या नावाने बाजूला काढल्यात.

चिडले असले तरी तुझीच,
वर्ना

'लिनेट', धक्क्यावरून
शनिवार, ९ जुलै १९९४

ती. सौ. वर्नावन्सं,
मार्वाचा शि. सा. न.

तुम्ही लिही म्हणालात म्हणून लिहिते आहे. पण एक शब्द द्या, यातलं ऑरिनला काही कळवायचं नाही. तो इतकं करतो माझ्यासाठी, की मी रडतेसुद्धा चोरून.

वन्सं, माझं दुखणं बळावलंय. मला फार भीती वाटते आहे. आजवर पाय जायचे, डोकं शाबूत असायचं. आता डोक्यातच शिरलं आहे बहुतेक. कपाळाभोवती दोरी आवळल्यासारखं दुखतं, मळमळतं, कपात चमचा घातला की पुढे काय करायचं ते आठवत नाही. परवा मी ऑरिनला माझ्या भावाच्या नावाने हाक मारली. तो हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

डॉक्टरांना दाखवायला वहीत वेळा लिहून ठेवते आहे. सोमवारी सव्वाअकरा वाजता सुरू झालं, मंगळवारी पाऊण तासाने उशिरा, बुधवारी पाऊण वाजता, गुरुवारी दीड, काल सव्वादोन. दोन-तीन तास छळतं आणि उतरतं. असलं घड्याळ लावून येणारं दुखणं कुणी पाहिलंय का? गेल्या शनिवारी-रविवारी धक्क्यावर होतो तेव्हा इतकी छान होते, की बाजारात जाऊन स्वतः कलिंगड निवडून आणलं. आज संध्याकाळपासून पुन्हा तसंच हलकं वाटतं आहे. म्हणून तर लिहिता येतंय.

नांगरावर गेलो की पुन्हा तेच. मग ऑरिन एसी आणखी वाढवतो, मला त्याच्याखाली निजवतो, दाराच्या फळ्या ठोकून ठोकून बसवतो. त्याचंही डोकं दुखतं, पण म्हणतो कॉफी कमी पडली.

मला होडी सोडावी लागेल का? चाकाची खुर्ची या दारातून आत येत नाही, मी मोजून पाहिलं. मी त्याचं सगळं स्वप्न बुडवणार, असं सारखं वाटतं.

तुमचा हात पाठीवर आहे ना, तेवढं एका ओळीत कळवा.
तुमची,
मार्वा

डुलुथ
बुधवार, १३ जुलै १९९४
अतितातडीच्या टपालाने

मार्वा,

हे पत्र पुढे वाचू नकोस. आधी बाहेर जा आणि तो जनरेटर बंद कर. ऑरिनलाही बाहेर काढ. मग वाच.

केलंस? नक्की?

पोरी, हे तुझं दुखणं नव्हे. ज्या आजाराला धक्क्यावर सुट्टी मिळते तो आजार तुझ्या अंगात नाही, होडीत आहे. जनरेटरचा धूर केबिनमध्ये येतोय. कसा येतो ते मला कळत नाही, होडी वाऱ्याकडे तोंड करून असते हे मलाही ठाऊक आहे, पण येतोय. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. इथे प्रत्येकाला ते माहीत असतं, कारण आम्ही सहा महिने शेगडीच्या जिवावर जगतो.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात शेजारच्या स्टेनर्सनांच्या धुराड्यावर बर्फ साचलं. घरातल्या सगळ्यांची डोकी दुखत होती, उलट्या होत होत्या. सगळे म्हणाले फ्लू. मी त्यांना सूप नेऊन दिलं, आणि निघताना सांगून आले की खिडक्या घट्ट लावून मुलांना ऊबेत झोपवा. मी सांगितलं, मार्वा. धाकटी दोघं उठली नाहीत. तुम्ही दोघं तेव्हा ऑरिनच्या नोकरीसाठी गावाबाहेर होता, मी त्याला हे पूर्ण कधीच सांगितलं नाही. तुझं पत्र वाचताना 'फळ्या ठोकून बसवतो' इथे आले आणि तशीच फोनकडे धावले.

तुमच्या धक्क्याच्या कचेरीत फोन केला. मिस टूली म्हणून बाई आहेत, लिनेट सोमवारीच गेली म्हणाल्या. रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही. बॅटरी वाचवायला ऑरिन रेडिओ बंद ठेवतो म्हणे! बचावपथकाला फोन केला, त्यांनी विचारलं नांगर कुठे टाकलाय. मी काय सांगणार? 'बेटांमागे.' तिथे शंभर बेटं आहेत. मिस टूली म्हणाल्या, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक मच्छीमाराला निरोप देते. बाई भली आहे. मी दर तासाला तिचं डोकं खाते आहे.

हे पत्र तुम्ही शनिवारी धक्क्यावर आल्याशिवाय तुमच्या हाती पडणार नाही, हे मला कळतं. तरी लिहिते आहे. नुसतं बसवत नाही गं.

देवा, हे पत्र वाचायला तुम्ही दोघं असा.
वर्ना

'लिनेट', नांगरावर
गुरुवार, १४ जुलै, सकाळचे अकरा

ती. वर्नाताईस,
सा. न. वि. वि.

मार्वाची तब्येत बरी नाही, तुला खोटं कशाला सांगू. या आठवड्यात तर सकाळीच सुरू होतं. आज तिला उभं राहवेना. मी एसी पूर्ण वाढवलाय, दाराला आतून टॉवेलही लावला. केबिन छान गार आहे, पारा पंचाहत्तरवर. गार आहे छान. एवढं करूनही तिला आराम का पडत नाही, कळत नाही ताई. कुठे चुकतंय? मी विचार करतो आणि विचार मध्येच सुटतो.

माझंही डोकं जड आहे. काल कॉफी घेतली नव्हती. आज घेतली. घेतली असावी. तुला मुरंब्याचं लिहायचं होतं. बरण्या दोन म्हणालीस की तीन? ताई मला जरा झोप येते आहे, पाच मिनिटं टेबलावर डोकं टेकतो आणि मग पुढचं

फ्लोरिडा, इस्पितळातून
बुधवार, २० जुलै १९९४

ती. सौ. वर्नावन्सं,
मार्वाचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला 'जिवंत आहोत' एवढंच सांगता आलं, मग दोघीही रडत बसलो. आता नीट लिहिते. ऑरिनचं अर्धवट पत्र सोबत आहे. टेबलावर त्याच्या गालाखाली सापडलं. ते वाचलं नाहीत तरी चालेल. मी मात्र चारदा वाचलं.

त्या सकाळी मला उलटी येईल असं वाटलं. अंथरूण खराब होऊ नये एवढ्याच विचाराने मी खाली उतरले. पाय नव्हतेच, कोपरांवर सरकत पायऱ्यांपर्यंत गेले. ऑरिन टेबलावर डोकं ठेवून झोपला होता, मी त्याला उठवलं नाही. दमलाय, झोपू दे म्हटलं. वन्सं, मी त्याच्या अंगावरून हात फिरवून पुढे गेले.

वरची फळी ढकलून डोकं बाहेर काढलं तर मागचा झेंडा उलटा, माझ्या तोंडावर फडफडत होता. वारा पाठीमागून येत होता आणि जनरेटरचा धूर सरळ दाराकडे, वायरीच्या खाचेत. मला त्यातून काही कळलं नाही. मी वेड्यासारखी झेंड्याकडेच बघत राहिले. तेवढ्यात भोंगा वाजला. खेकडे पकडणारा एमॉस म्हणून मच्छीमार होता. लांबूनच ओरडला, मिनेसोटाच्या बहिणीचा निरोप आहे, यंत्र बंद करा, बाहेर या! मी कोपरांवर सरपटत मागच्या टोकाला गेले आणि बटण दाबलं. बोटं भाजली ते नंतर कळलं. एमॉस उडी मारून आला, श्वास कोंडून खाली गेला आणि ऑरिनला काखेत धरून ओढत वर आणलं. त्याचा चेहरा गुलाबी होता, खेळून आलेल्या मुलासारखा. मला वाटलं, बरा दिसतो की. तो रंग त्या विषारी वायूचा होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

नंतर एमॉसने मला विचारलं, कुठल्या सरोवरावरचे तुम्ही? म्हणाला, तळ्यात होडी वाऱ्याचं ऐकते, इथे ती ओहोटीचंही ऐकते. ओहोटीचा लोंढा जोराचा असला की ती पाण्याकडे तोंड करते, मग वारा कुठून का येईना. मी त्याला माझी वही दाखवली. त्याने भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं आणि बोट ठेवून दाखवलं. रोज पाऊण तासाने उशिरा. माझ्या दुखण्याच्या सगळ्या वेळा तिथे छापलेल्या होत्या. ऑरिन चाळीस वर्षं होडी चालवतोय, पण सगळी तुमच्या सरोवरात. तिथे ओहोटी नसतेच.

माझं डोकं तिसऱ्या दिवशी साफ झालं. डॉक्टर म्हणाले, पाय होते तसेच आहेत, दुखणं इंचभरही पुढे गेलेलं नाही. ऐकून मी हसले आणि लगेच लाज वाटली, कारण पलंगावर ऑरिन होता. त्याचे हात थरथरतात. शब्द सापडत नाहीत. आठवण परत येईल, महिने लागतील म्हणतात, खात्री देत नाहीत. स्टेनर्सनांच्या मुलांचं मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुम्ही ते एकट्याने इतकी वर्षं सांभाळलंत. वन्सं, मी तरी तुम्हाला त्याबद्दल दोष देणार नाही.

झालं काय ते मात्र त्याला आठवतं. खिडकी उघडी आहे ना, हे तो तासातासाला विचारतो. तुझं डोकं दुखतं का विचारतो. मी नाही म्हणते, ते खरं आहे. काल माझी भाजलेली बोटं हातात घेऊन त्याने सावकाश, एकेक शब्द शोधत विचारलं, मार्वा, तुला आता माझी भीती वाटते का?

मी म्हटलं, छे, काहीतरीच काय!

वन्सं, ते खोटं होतं. मला त्याच्या रागाची कधी भीती वाटली नाही, सदतीस वर्षांत एकदाही नाही. मला त्याच्या काळजीची वाटते. आज दुपारी जरा डोळा लागला, तर त्याने उठून माझ्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं. मी किंचाळून उठले. नर्स धावत आली. तो हात तसाच हवेत धरून उभा होता, आणि मी त्याला सांगत होते, स्वप्न पडलं रे, नुसतं स्वप्न पडलं.

हे तुमच्याशिवाय कुणाला लिहू? माया कमी करू नका, आमच्या दोघांवरची.
तुमची,
मार्वा