विहीणबाईंचे दात

२४ मार्च
बीपी एकशे साठ. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवतो, पण तुम्ही रोज एक चांगली गोष्ट लिहून काढत जा. अगदी लहानसं सुख असलं तरी चालेल. मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही ज्यू लोक, सुख लिहून ठेवलं की लगेच कुणीतरी पत्ता शोधत येतं. हसले नाहीत. घाईत असावेत.
आजचं सुख: वेटिंग रूममध्ये बसायला जागा मिळाली. पंख्याखाली. पंखा बंद होता.

२५ मार्च
लॅबमध्ये दोन कवळ्या पूर्ण. तीस वर्षं कवळ्या बनवतोय, पण पेशंटचं तोंड कधी बघितलेलं नाही. दातांचे डॉक्टर प्लास्टरचा साचा पाठवतात, मी दात बसवतो, डबी परत जाते. डबीवर नुसता नंबर. पण माझं काम मी कुठेही ओळखेन. वरचा पुढचा एक दात मी मुद्दाम किंचित तिरपा बसवतो, म्हणजे खरा वाटतो. ही कला आहे. शेजारच्या बाकावरचा सहकारी याला खोड म्हणतो.
सुख: सहकारी अर्ध्या दिवसाने घरी गेला.

२९ मार्च
लेकीचा फोन. वल्हांडण सणाच्या जेवणाला येतेय. तीन वर्षांनी. मागच्या वेळी तिच्या मोडलेल्या साखरपुड्यावर मी एक साधासा विनोद केला होता, तो तिला अजून कळलेला नाही. आता लग्न ठरतंय. होणारा नवरा आणि त्याची आई, दोघंही येणार. मुलगा पाच वर्षांचा असताना बाई विधवा झाल्या, शाळेत गाणं शिकवून त्याला वाढवलं.
शेवटी म्हणाली, बाबा, एक विनंती आहे, या वेळी विनोद नकोत.
म्हणजे जुने नकोत. नवे लिहायला घेतले.

२ एप्रिल
संकल्प. एक, मेहुण्यावर बोलायचं नाही. दोन, हिच्या माहेरावर बोलायचं नाही. तीन, साखरपुडा हा शब्दच काढायचा नाही. चार, वाइनचे चार प्याले धर्माने सांगितलेत, पाचवा नाही.
घरात साफसफाई. सणाचे आठ दिवस पावाचा कणही घरात नको, म्हणून बायको कपाटं ओढून काढतेय. माझ्या कोटाच्या खिशात अर्धं बिस्किट सापडलं. काही बोलली नाही. नुसतं समोर धरलं. पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस बोलणं वाचवायला शिकतो.

८ एप्रिल
लॅबमध्ये कोणी नसताना भाषणाची रंगीत तालीम केली. समोर फळीवर बावीस जबडे. सगळे आ वासून ऐकत होते.
सुख: वरचंच.

१२ एप्रिल, दुपारी
सगळं पाठ आहे. शब्दांचं वजन नेमकं, टायमिंग नेमकं. ही म्हणाली, आज फक्त सणाची पोथी वाचा, जेवा, आणि त्या बाईंना काय हवं-नको ते बघा. हो म्हटलं. शर्ट हिनेच इस्त्री करून दिला.

१३ एप्रिल
कालचं सगळं नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी वेगळं सांगेल.
विहीणबाई साध्या, नीटनेटक्या. बोलताना समोरच्याकडे बघतात. मुलगा सारखा त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवून. मेहुणा होताच. पोथी वाचायला घेतली, आपले पूर्वज इजिप्तच्या गुलामीतून कसे घाईघाईने निघाले, पीठ फुगायलाही थांबले नाहीत, तिथपर्यंत आलो. मी पुस्तक खाली ठेवलं. म्हटलं, आमची ही त्यांच्यात असती, तर गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परत आली असती, आणि आपण अजून तिथे विटाच थापत बसलो असतो.
विहीणबाई हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, मान मागे टाकून, डोळे मिटून, टेबल धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी. मग हीसुद्धा हसली. लेकसुद्धा. लेकीने माझ्याकडे बघितलं, लहानपणी बघायची तसं. या टेबलाशी इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.
आणि मला दात दिसला. वरचा, पुढचा, किंचित तिरपा.
दुसरा प्याला हातात होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझं काम, माझ्या विनोदावर, माझ्याच टेबलाशी हसतंय. कोणत्या कारागिराला असं भाग्य मिळतं? मी म्हटलं, विहीणबाई, आपली ओळख जुनी आहे, हे दात माझ्या हातचे. वरची अख्खी कवळी माझी. बघा, मुलाकडची मंडळी आधीच माझं खाताहेत.
कुणी हसलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून परत सांगितलं.
मुलगा आईकडे वळून म्हणाला, आई, कवळी? कधी? त्याला माहीतच नव्हतं. त्याला काळजी नको म्हणून त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं. बाईंनी ओठ मिटले. हलक्या आवाजात म्हणाल्या, नंतर बोलू, तू जेव. जेवण होईपर्यंत नॅपकिन तोंडासमोर धरूनच होत्या. मेहुणा म्हणाला, भावजी, पुढचं वाचा. मी वाचलं. गुलामीची आठवण म्हणून खायच्या कडू पाल्याची पाळी आली, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.
लेक निघताना माझ्या पाया पडली नाही की भांडलीही नाही. ते मला चांगलं लक्षण वाटलं.

१४ एप्रिल
हिच्या मते चूक झाली. माझ्या मते टायमिंग चुकलं. विनोदात दोष नव्हता.

१९ एप्रिल
हिच्या आग्रहाखातर विहीणबाईंना फोन केला. माफी मागितली. व्यवस्थित मागितली. वातावरण हलकं व्हावं म्हणून शेवटी म्हटलं, दात सैल झाले तर हक्काने कळवा, घरचंच काम आहे.
म्हणाल्या, भाऊसाहेब, त्या रात्री मी फार वर्षांनी तशी हसले होते. तिथेच थांबायचं होतं तुम्ही. फोन ठेवला.
म्हणजे हसल्या होत्या हे कबूल आहे.

११ मे
लग्न आठ जूनला. बारा-पंधरा माणसं. लेक हिच्यामार्फत निरोप देते. बाबांनी जरूर यावं, पुढे बसावं, पण काही बोलू नये. एक शब्दही नको, शुभेच्छासुद्धा नकोत.
बापाने मुलीच्या लग्नात तोंड शिवून बसायचं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. कळवलं, अटीवर येणार नाही. चार दिवसांत ती मनधरणी करायला फोन करील.

२ जून
फोन नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम बऱ्याच जणांना येतोय म्हणे.
भाषण मात्र तयार आहे. अकरा मिनिटं. कवळीचा उल्लेख फक्त एकदा.

८ जून, सकाळी
ही नवी साडी नेसून निघाली. दारात थांबली. म्हणाली, अजून वेळ आहे, कोट घाला आणि चला, नुसतं बसायचंय. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, तू हो पुढे. मला वाटलं, आणखी एकदा म्हणेल. जिन्यावर पावलं ऐकली.

८ जून, संध्याकाळी
ही आली. पाय धुतले, पलंगावर बसून केसांतली फुलं काढली. मी आपणहून काही विचारणार नव्हतो. विचारलं, कसं झालं. म्हणाली, छान झालं. विहीणबाईंनी गाणं म्हटलं. आम्ही सगळे खूप हसलो.
कोण बोललं, मेहुणा का, असं विचारलं.
म्हणाली, कुणी नाही.
मग कशावर हसलात?
म्हणाली, कशावर असं काही नाही हो. नुसतेच.